वाचक विचारतात : कोणी काही वाईट बोललं नाही, तरी त्रास होतोय

(या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना वंशावरून, रंगावरून, नावावरून, उच्चारावरून जी बारीकसारीक वागणूक मिळते, जी धड भांडण करण्याइतकी मोठी नसते आणि सोडून देण्याइतकी छोटीही नसते, त्याबद्दलची ही पत्रं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.)

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स करतेय. ग्रुप प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये मी काही सुचवलं की सगळे एक सेकंद गप्प होतात आणि पुढे जातात, मग पाच मिनिटांनी दुसरं कोणी तेच बोललं की "अरे मस्त पॉइंट आहे". प्रोफेसर पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुझं इंग्लिश फारच छान आहे", मी बालवाडीपासून इंग्लिश मीडियममध्ये आहे. रात्री लॅबमध्ये आम्ही चौघं शिरलो, आयकार्ड फक्त माझं तपासलं. यातलं एकही धड कोणाला सांगण्यासारखं नाही. पण रूमवर आल्यावर तेच तेच डोक्यात फिरतं, एक पान चारदा वाचलं तरी कळत नाही. मी ओव्हरथिंकिंग करतेय का?

करतेयस, पण तुझा स्वभाव तसा आहे म्हणून नाही. तुझ्यासमोर जे कोडं टाकलंय ते सुटण्यासारखं नाहीये म्हणून.

उघडउघड शिवी दिली असती तर वाईट वाटलं असतं, राग आला असता, पण निदान "हा माणूस वंशद्वेष्टा आहे" हे पक्कं झालं असतं आणि विषय तिथे बंद झाला असता. इथे तसं होत नाही. गार्डने मला थांबवलं ते मी पुढे होते म्हणून, का माझा चेहरा बघून? पॉइंट माझा होता म्हणून पडला, का मी हळू बोलले म्हणून? याचं उत्तर मिळत नाही आणि डोकं मात्र बॅकग्राउंडला ते शोधत बसतं. अमेरिकेत २००७ मध्ये जेसिका साल्व्हाटोर आणि निकोल शेल्टन या दोघींनी नेमका यावर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना नोकरीच्या निवडीचे कागद वाचायला दिले. काहींच्या कागदांत निवड सरळ होती, काहींच्यात निवडणाऱ्याचा वंशद्वेष स्पष्ट लिहिलेला होता, आणि काहींच्यात लायक कृष्णवर्णीय उमेदवाराला डावललेलं होतं पण कारण कुठेच दिलेलं नव्हतं. नंतर सगळ्यांना ती एक टेस्ट दिली ज्यात "लाल" हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि आपण शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो, लक्ष किती शाबूत आहे हे त्यात लगेच दिसतं. तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी सगळ्यात जास्त घसरली ती उघड द्वेष वाचल्यावर नाही, तर तो संशयास्पद, कारण न सांगणारा कागद वाचल्यावर. गोऱ्या विद्यार्थ्यांचं उलटं झालं, त्यांना उघड द्वेषाने जास्त हलवलं. म्हणजे तुझं चारदा वाचलेलं पान हे आळसाचं लक्षण नाहीये, तुझं लक्ष दुसरीकडे कामाला लागलंय.

आणि "इंग्लिश छान आहे" हे कौतुक असूनही का टोचतं, त्यावरही एक जुना प्रयोग आहे, १९९१ चा, जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांचा. विद्यार्थ्याला सांगितलं की पलीकडच्या खोलीतला गोरा विद्यार्थी तुझ्याबद्दल मत देणार आहे. मधल्या काचेचा पडदा कधी वर होता, कधी खाली, म्हणजे समोरच्याला आपला रंग दिसतोय की नाही एवढाच फरक. पडदा वर असताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना चांगला अभिप्राय मिळाला तरी त्यांचं स्वतःबद्दलचं मत वर गेलं नाही, उलट घसरलं, कारण हे कौतुक माझं आहे की माझ्या रंगावर दया दाखवणारं आहे हेच कळेना. मला हा भाग जास्त वाईट वाटतो, खरं सांगू. टीका तर पोचतच नाही नीट, पण मनापासून केलेली शाबासकीसुद्धा पोचत नाही, आणि शिकणाऱ्या पोरांना या दोन्ही लागतात.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे "हे वंशभेदामुळे होतं का" आणि "मला माझ्या कामासाठी काय बदलून हवंय" हे दोन प्रश्न वेगळे कर. पहिल्याचं उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही. दुसऱ्याचं उद्या मिळू शकतं. मीटिंगच्या आधी तुझे मुद्दे ग्रुपच्या चॅटवर लिहून टाक, मग ते कोणाचे हा वादच राहत नाही. ग्रुपमधल्या एका तरी माणसाला, जो त्यातल्या त्यात बरा वाटतो त्याला, सरळ सांग की माझे मुद्दे हवेत विरतात, पुढच्या वेळी असं झालं तर "हे तिने मगाशी सांगितलं" एवढं बोलशील का. बरेच जण बोलतात, त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. दुसरं, एक वही ठेव. तारीख, कोण होतं, शब्द जसेच्या तसे, पुढे काय झालं. चार ओळी, त्यावर निबंध नको. याचा उपयोग दोन प्रकारे होतो. एक तर डोक्यात फिरणारी गोष्ट कागदावर गेली की रात्रीची उजळणी कमी होते, आणि दोन-तीन महिन्यांनी वाचलं की कळतं हे सगळीकडे होतंय की एकाच माणसाकडून, एकाच कोर्समध्ये. कधीकधी सगळं विद्यापीठ वाईट वाटत असतं आणि वहीत निघतो एकच टीममेट.

आणि ज्याला आधी अर्धा तास पटवून द्यावं लागतं की हो असं घडलं, अशा माणसाकडे मन मोकळं करायला जाऊ नकोस. दमायला होतं त्याने.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक आहे. राग मानू नका, पण हल्लीच्या मुलांना प्रत्येक गोष्ट लागते. "तू कुठला?" विचारलं की अपमान, नाव चुकलं की अपमान. आम्हीही परक्या मुलखात शिकलो, दुर्लक्ष केलं, पुढे गेलो. याचं शास्त्र बनवायची खरंच गरज आहे का?

सर, राग अजिबात नाही. तुमच्या शंकेसारखीच शंका अभ्यासकांनीही घेतलीय आणि ती नीट ऐकायला हवी. अशा छोट्या टोचणाऱ्या वागणुकीला मायक्रोअ‍ॅग्रेशन हा शब्द १९७० मध्ये हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी दिला, आणि २००७ मध्ये डेराल्ड विंग सू आणि सहकाऱ्यांनी त्याचे प्रकार पाडले, म्हणजे मुद्दाम केलेला वार, नकळत केलेला अपमान, आणि "असं काही नसतं, तुलाच वाटतं" असं म्हणून अनुभवच पुसून टाकणं. २०१७ मध्ये स्कॉट लिलिएनफेल्ड या मानसशास्त्रज्ञाने यावर सडकून टीका केली. त्याचं म्हणणं असं की कोणती वाक्यं यात मोडतात हे नीट ठरलेलं नाही, आणि नुकसान या वाक्यांमुळेच होतं, का आधीच खचलेल्या माणसाला ही वाक्यं जास्त दिसतात, हे वेगळं काढता आलेलं नाही. यातलं बरंचसं मला पटतं. "तू कुठला?" हा प्रश्न दरवेळी अपमान नसतोच. तो विचारून झाल्यावर "नाही, पण खरा कुठला?" असं पुन्हा विचारलं जातं तेव्हा मामला बदलतो.

पण सर, एकेका घटनेवरून वाद घातला तर तो कधीच संपणार नाही, कारण एकेका घटनेला सबब असतेच. म्हणून मला ते प्रयोग महत्त्वाचे वाटतात ज्यात सबबीला जागाच ठेवलेली नसते. कॅथरीन मिल्कमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अडीचशेपेक्षा जास्त विद्यापीठांतल्या साडेसहा हजार प्राध्यापकांना ईमेल पाठवले. मजकूर एकच, पीएचडीला यायचा विचार आहे, दहा मिनिटं भेटाल का. बदललं फक्त खालचं नाव, गोऱ्या मुलाचं, मुलीचं, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी, भारतीय. गोऱ्या मुलांच्या नावाने गेलेल्या ईमेलना जास्त उत्तरं आली. यातल्या कुठल्याही एका प्राध्यापकाला विचारलं असतं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असतं, बाबा रे, त्या आठवड्यात कामात होतो. आणि ते खरंही असेल! पण साडेसहा हजार लोकांचं कामात असणं नावाप्रमाणे कमीजास्त होत असेल तर त्याला काय म्हणायचं?

तुम्ही दुर्लक्ष केलंत आणि पुढे गेलात, मान्य आणि आदर आहे. पण ज्यांनी दुर्लक्ष केलं आणि तरी पुढे जाता आलं नाही ते आज पत्र लिहायला इथे नाहीत, हेही धरा. ब्रिटनच्या समानता आणि मानवाधिकार आयोगाने २०१९ मध्ये विद्यापीठांची पाहणी केली, त्यात अल्पसंख्याक वंशाच्या २४ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की कोर्स सुरू झाल्यापासून वांशिक छळ अनुभवलाय. जवळजवळ चारातला एक.

प्रश्न : मी पीएचडी करतोय आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. फीडबॅकमध्ये दरवेळी "अ‍ॅक्सेंट कळत नाही" असं येतं. मी हळू बोलतो, व्हिडिओ बघून उच्चार सुधारतोय, तरी तेच. आता वर्गात जायच्या आधी पोटात गोळा येतो.

१९९२ मध्ये डोनाल्ड रुबिन नावाच्या संशोधकाने एक रेकॉर्ड केलेलं लेक्चर विद्यार्थ्यांना ऐकवलं. आवाज एकाच बाईचा, आणि तिचं इंग्लिश अगदी अमेरिकन. फरक एवढाच की काही विद्यार्थ्यांना सोबत गोऱ्या शिक्षिकेचा फोटो दाखवला आणि काहींना आशियाई चेहऱ्याच्या शिक्षिकेचा. आशियाई फोटो बघणाऱ्यांना त्याच आवाजात परदेशी अ‍ॅक्सेंट ऐकू आला, आणि त्यांना लेक्चर कळलंही कमी. म्हणजे अ‍ॅक्सेंट टेपमध्ये नव्हताच. आता हे वाचून तू आरशासमोर जीभ वळवायची प्रॅक्टिस किती करायची ते ठरव.

अर्थात, सगळं खापर त्यांच्यावर फोडून मोकळा होऊ नकोस. काही शब्दांचा आघात आपण खरंच वेगळ्या ठिकाणी देतो आणि नवख्या कानाला ते अडतं. त्यासाठी उच्चार बदलण्यापेक्षा सोपं काम म्हणजे नवीन संज्ञा बोलताना बोर्डवर लिहायच्या आणि लेक्चरची रूपरेषा आधी द्यायची. आणि सेमिस्टरच्या मध्यावरच निनावी चिठ्ठी घे, पण प्रश्न असा विचार, "आजच्या तासातलं नेमकं काय कळलं नाही?" उत्तरात टॉपिकचं नाव आलं तर तो टॉपिक पुन्हा घे. उत्तरात नुसतं "अ‍ॅक्सेंट" आलं आणि त्याच वर्गाचे मार्क ठीकठाक असतील तर ते मार्क आणि त्या चिठ्ठ्या घेऊन कोऑर्डिनेटरला भेट, कारण पुढे तुझी नोकरी ठरवताना हे फीडबॅक बघितले जातात आणि त्यात काय मिसळलेलं असतं हे डिपार्टमेंटला माहीत असायला हवं. गाईडला आत्ताच सांगून ठेव, वर्षाच्या शेवटी नको.

प्रश्न : आमचा सात-आठ मराठी मुलांचा ग्रुप आहे. क्लासमध्ये एक नायजेरियन मुलगा आहे, आमच्यातले काहीजण त्याच्या रंगावरून मराठीत कमेंट करतात, एकदोघं गंमत म्हणून त्याच्या केसांना हात लावतात. तो पण हसतो. मला कसंतरी होतं, पण तो हसतोय तर मी कशाला बोलू?

तो हसतो कारण न हसण्याची किंमत त्याला माहीत आहे. न हसला तर "याला जोक कळत नाही", "रागीट आहे", आणि पुढच्या असाइनमेंटला ग्रुपमध्ये जागा नाही. हा हिशोब तो प्रत्येक वेळी करतोय आणि तुम्ही त्याला गंमत म्हणताय.

आणि मराठीत बोललं तर कळत नाही हा मोठा गैरसमज आहे. तुमच्या नजरा, मधेच फुटलेलं हसू आणि त्याच्याकडे बघून बदललेला आवाज याला ट्रान्सलेशन लागत नाही. याच कॉलममध्ये वर जे प्रश्न आलेत ते विचारणाऱ्यांना जे होतंय तेच तुम्ही त्याला देताय, आणि तुमच्याच ग्रुपमधला कोणीतरी संध्याकाळी घरी फोन करून सांगत असेल की इथले लोक आपल्याला कमी लेखतात. मला याचा खरंच संताप येतो.

तू त्याच्याकडे जाऊन सगळ्यांच्या वतीने माफी मागू नकोस, त्यात त्यालाच तुला समजूत घालायचं काम लागतं, "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत. बोलायचं ते आपल्या पोरांशी, आणि तिथल्या तिथे. भाषण नको. केसांकडे हात गेला की "ए, हात काढ" एवढंच. कमेंट झाली की चेहरा सरळ ठेवून "कळलं नाही, परत सांग ना, यात हसायचं काय होतं?" बघ, जोक समजावून सांगायला लागला की तो मरतो. ग्रुप तुला दोन दिवस "सर" म्हणून चिडवेल, चिडवू दे. आणि त्या मुलाशी वेगळं बोलायचंच असेल तर अभ्यासाचं बोल, प्रोजेक्टमध्ये घे.

प्रश्न : माझा मुलगा बाहेर शिकतो. पहिल्या सेमिस्टरला उत्तम मार्क होते, आता दोन विषय राहिलेत. विचारलं तर "काही झालं नाही बाबा" म्हणतो, आणि मधेच म्हणतो परत येऊ का. त्याच्या आईला एकदा बोलला की "इथे मी पाहुण्यासारखा आहे". मी म्हटलं दुर्लक्ष कर, अभ्यासावर लक्ष दे. चुकलं का?

हेतू चुकला नाही हो. पण "दुर्लक्ष कर" ऐकलं की मुलाला कळतं की या विषयावर घरात यापुढे बोलायचं नाही, आणि मग तो "काही झालं नाही" म्हणायला लागतो.

तो जे पाहुण्यासारखं म्हणाला ना, तेच मुळाशी आहे असं समजा. विद्यापीठात सगळ्यांनाच पहिल्या वर्षी परकं वाटतं, एखादा पेपर वाईट जातो, कोणी जेवायला बोलवत नाही. पण ज्याला आधीच आपण इथले नाही असे इशारे मिळत असतात त्याला प्रत्येक वाईट दिवस हा पुरावा वाटतो. मग तो प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे शंका विचारायला ठेवलेल्या भेटीच्या वेळेला, जात नाही, ग्रुप स्टडीला जात नाही, शंका विचारत नाही, आणि मार्क तिथून घसरतात, डोक्यामुळे नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये एक अभ्यास छापला, ज्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना साधारण तासाभराच्या एका बैठकीत सीनिअर मुलांचे अनुभव वाचायला दिले होते, की सुरुवातीला आम्हालाही असंच वाटायचं आणि हळूहळू गेलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क पुढची तीन वर्षं त्यामुळे सुधारलेले दिसले. पण यावर भाळून जाऊ नका, २०२३ मध्ये हाच प्रयोग २२ संस्थांमधल्या सव्वीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर केला तेव्हा असं दिसलं की जिथे त्या गटातल्या मुलांना खरोखर सामावून घेतलं जातं तिथेच तो चालतो. नुसत्या समजुतीच्या गोष्टी सांगून भागत नाही.

म्हणून फोनवर सल्ला कमी करा आणि लहान प्रश्न विचारा. आज कोणाबरोबर बसलास? लॅबमध्ये कोण असतं? दोन विषय राहिले ते कोणत्या सरांचे, त्यांना भेटलास का? सीनिअर भारतीय किंवा दुसऱ्या कुठल्या परदेशी विद्यार्थ्याची गाठ घालून देता आली तर बघा, त्याच डिपार्टमेंटचा असला तर सोन्याहून पिवळं. परत येऊ का म्हणाला तर "अजिबात नाही" म्हणू नका आणि "ये" पण म्हणू नका, "सेमिस्टर संपेपर्यंत बघू, मग दोघं मिळून ठरवू" म्हणा, दार उघडं आहे कळलं की माणूस जरा निवांत विचार करतो. मात्र झोप उडालीय, जेवण सुटलंय, दिवसदिवस खोलीबाहेर पडत नाही, किंवा "मी नसलो तर बरं" अशा अर्थाचं काही बोलला, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी विद्यापीठाच्या काउन्सेलिंग सेंटरला किंवा तिथल्या इमर्जन्सी नंबरला तुम्ही स्वतः फोन करा. पालकांनी फोन केलेला चालतो. ते तुम्हाला माहिती देणार नाहीत, पण तुमचं ऐकून घेतात.

प्रश्न : तक्रार करावी का? गाईडचंच वागणं तसं आहे. रेकमेंडेशन आणि व्हिसा दोन्हीची भीती वाटते.

एकदम औपचारिक तक्रारीवर जाऊ नकोस, आधी गोपनीय सल्ला घे. बऱ्याच विद्यापीठांत ओम्बड्सपर्सन, म्हणजे तक्रारी तटस्थपणे ऐकून घेणारा अधिकारी, असतो, नसेल तर विद्यार्थी संघटनेचा सल्लागार. पहिलं वाक्य हेच विचार, "मी सांगितलेलं कोणापर्यंत जाईल?" उत्तर ऐकून मग पुढचं बोल. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स (सहावा भाग) आणि ब्रिटनमध्ये २०१० चा इक्वालिटी अ‍ॅक्ट (समानता कायदा), दोन्हीकडे वंशावरून भेदभावाला बंदी आहे आणि तक्रार केली म्हणून सूड घेणं हाही वेगळा गुन्हा नसला तरी वेगळं उल्लंघन धरलं जातं. कागदावर आहे म्हणून सूड घेतला जात नाही असं नाही, म्हणून तक्रारीच्या आधी गाईडने तुझ्या कामाचं कौतुक केलेले ईमेल आणि मीटिंगच्या नोंदी स्वतःकडे जपून ठेव, आणि तुझं काम तपासणाऱ्या कमिटीतल्या दुसऱ्या एका प्राध्यापकाला तुझं काम नियमित दाखवत जा, म्हणजे रेकमेंडेशनसाठी एकाच माणसावर अवलंबून राहायला नको. तक्रारीत "त्यांनी वंशद्वेष केला" असं लिहिण्याऐवजी "अमुक तारखेला हे म्हणाले, बाकी तिघांना ही संधी दिली, मला दिली नाही, मला हे बदलून हवंय" असं लिही. इंग्लंड-वेल्समध्ये विद्यापीठाचा अंतिम निर्णय पटला नाही तर स्वतंत्र लवादाकडे जाता येतं, पण विद्यापीठाचं शेवटचं पत्र हातात आल्यापासून बारा महिन्यांच्या आत.

व्हिसाचं म्हणशील तर तक्रार केल्याने तो जात नाही. जातो तो वैतागून कोर्स सोडल्याने, क्रेडिट कमी केल्याने किंवा परस्पर सुट्टी घेतल्याने. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असशील तर फुल टाइमपेक्षा कमी क्रेडिट घ्यायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी लागते, तेव्हा गाईड बदलायचं ठरलं किंवा एखादा कोर्स टाकावासा वाटला तर फॉर्म भरायच्या आधी तिथे जाऊन ये.